बावीस महिन्यांनंतर: महागड्या शहरात राहणं परवडलं का?

तिसऱ्या महिन्यात हे लिहायला बसले असते तर पाचपैकी एक तारा दिला असता, आणि तोही रात्री अकराला घरी जायला गाडी मिळते म्हणून. सहाव्या महिन्यात बहुधा शिव्याच दिल्या असत्या. म्हणून मुद्दाम थांबले. आता बावीस महिने झालेत, एक घर बदलून झालंय, एक नोकरी बदलून झालीय. आता बोलायला हरकत नाही.

आधी माझा वापर कसा आहे ते सांगते. मी एकटी, तिशीच्या आतली, पगारावर जगणारी. मुलं नाहीत, घरात कुणी आजारी नाही. मी प्रयोगशाळांमधली उपकरणं दुरुस्त करते. लहान गावातून इथे आले. यातली एक जरी गोष्ट तुमच्या बाबतीत वेगळी असेल, तर पुढचा हिशेब फिरेल हे धरून वाचा.

पैशांचं बोलू. गावातला माझा पगार १०० धरला तर इथला १६०. हे ऐकून सगळे खूश होतात, मीही झाले होते. पण गावात भाड्यावर पगाराचे १८ टक्के जायचे, इथे ४१ टक्के. म्हणजे तिथे भाडं देऊन हातात ८२ उरायचे, इथे साधारण ९४ उरतात. वरच्या बारामध्ये महागलेलं बाकी सगळं भागवायचं. ते भागतं, पण जेमतेम. महिनाअखेरीला शिल्लक गावात होती तेवढीच असते, कधी थोडी कमी.

भाडं पगाराच्या ३० टक्क्यांवर जाऊ देऊ नये असं सगळे सांगतात. पण हा आकडा काही ब्रह्मदेवाने लिहून ठेवलेला नाही. तो आला अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या भाडेकरूंसाठी केलेल्या नियमातून. १९६९ मध्ये तिथे भाड्याची मर्यादा उत्पन्नाच्या २५ टक्के ठरली, १९८१ मध्ये ती ३० केली, आणि पुढे तीच सगळ्यांच्या घरखर्चाची फूटपट्टी होऊन बसली. गाडी घ्यावी न लागणाऱ्या शहरात ४१ टक्के भाडं आणि गाडीशिवाय पान न हलणाऱ्या गावात ३० टक्के भाडं, यांची तुलना होऊच शकत नाही. टक्का बघू नका, उरतं किती ते बघा.

केस कापायलासुद्धा इतके पैसे का, हा प्रश्न मला पहिले कित्येक महिने छळत होता. कात्री तीच, डोकं तेच. याचं उत्तर विल्यम बॉमोल या अर्थतज्ज्ञाने १९६० च्या दशकात दिलं होतं, तेही वाद्यवादकांचं उदाहरण घेऊन: चौघांनी मिळून वाजवायची रचना शंभर वर्षांपूर्वी जितका वेळ घ्यायची तितकाच आजही घेते, पण दरम्यान बाकीच्या धंद्यांतले पगार वाढलेले असतात, आणि वादकांनाही त्याच जगात जगायचं असतं. केस कापणाऱ्यालाही याच शहरात भाडं भरायचंय. हे समजल्यावर बिल कमी झालं नाही, पण चिडचिड कमी झाली.

आता माझी सर्वांत मोठी चूक. पहिले नऊ महिने मी शहरात राहिलेच नाही, शहराच्या काठावर राहिले. घर मोठं, उजेड भरपूर, भाडं कमी. आणि कामावर जायला एक तास चाळीस मिनिटं, यायलाही तेवढीच. महिन्याचे बावीस कामाचे दिवस धरले तर ७३ तास. महिन्यातले अख्खे तीन दिवस मी गाडीत उभी होते. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस पायी जावो की यंत्राने, दिवसाला सरासरी एक तासाच्या आसपासच प्रवास सोसतो. वाहन वेगवान झालं की तो वेळ वाचवत नाही, लांब राहायला जातो. मी साडेतीन तासांच्या घरात गेले होते. अंग आधीच सांगत होतं, डोकं ऐकत नव्हतं.

तेव्हा मला वाटायचं की मी भाडं वाचवतेय. प्रत्यक्षात तेच पैसे वेळेच्या रूपात भरत होते. भाडं आणि प्रवास मिळून एकच बिल असतं ही समजूत फार जुनी आहे. जर्मन अर्थतज्ज्ञ योहान फॉन थ्युनेन यांनी १८२६ मध्ये ती शेतजमिनीबद्दल मांडली: बाजारापासून जमीन जितकी लांब तितका तिचा खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, कमी, कारण माल वाहून न्यायचा खर्च वाढतो. १९६४ मध्ये विल्यम अलोन्सो यांनी तोच विचार शहरातल्या घरांना लावला. म्हणजे लांबचं घर स्वस्त पडतं कारण उरलेला हप्ता तुम्ही रोज रस्त्यावर भरता. कागदावर तरी हिशेब फिटतो. पण जर्मनीतल्या लोकांनी सर्वेक्षणात बरीच वर्षं दिलेल्या उत्तरांवरून अलॉइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये दाखवलं की तो तसा फिटत नाही. लांबून येणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात, स्वस्त घर किंवा जास्त पगार त्याची भरपाई करत नाही. घर बघायला जातो तेव्हा दिवाणखाना डोळ्यांसमोर असतो, सकाळची गाडी नसते. मी तर रविवारी दुपारी घर बघायला गेले होते. रविवारी दुपारी कुठलंही घर जवळच असतं.

गर्दीबद्दल एक गंमत. वाहतूक खातं सांगतं की गाडीत सरासरी अमुकच प्रवासी असतात, आणि आपल्याला वाटतं हे खोटं बोलतायत. खोटं नसतं. समजा एका गाडीत ९० माणसं आहेत आणि दुसरीत १०. गाड्यांची सरासरी ५०. पण प्रत्येक माणसाला विचारलं की तुझ्या गाडीत किती होते, तर नव्वद जण ९० म्हणतील आणि दहा जण १०, सरासरी येईल ८२. रिकामी गाडी अनुभवायला माणसंच कमी असतात. शहरातल्या बहुतेक तक्रारी याच जातीच्या आहेत असं मला आता वाटतं.

दहाव्या महिन्यात मी मध्यवस्तीत निम्म्या आकाराच्या खोलीत आले. ४१ टक्के भाडं हे या खोलीचं. (जुन्या मालकांनी भिंतीतल्या दोन खिळ्यांच्या भोकांसाठी अनामत रकमेचा चांगला लचका तोडला. घर घेताना भिंतींचे फोटो काढून ठेवा, एवढंच म्हणते.) पलंगावर बसून हात लांब केला की कपाट उघडतं. पण कामावर चालत सव्वीस मिनिटांत पोचते, आणि शहर वापरायला लागले ती इथून. आधीचे नऊ महिने वर्गणी भरून वाचनालयात पाऊल न टाकल्यासारखे गेले.

मग या शहरात मिळतं काय? इथेच मी सर्वांत जास्त चुकीची अपेक्षा धरून आले होते. मला वाटलं होतं संग्रहालयं, नाटकं, मैफिली. बावीस महिन्यांत मोजून सात वेळा गेले, त्यातल्या तीन वेळा गावाहून पाहुणे आले होते म्हणून. ‘शहरात सगळं आहे’ या वाक्यातलं सगळं बहुतेक दुसऱ्यांसाठी असतं.

खरा माल वेगळाच निघाला. गावात माझ्या कामाची माणसं दोन: मी, आणि ज्यांनी मला शिकवलं ते. इथे वेगवेगळ्या ठिकाणी मिळून तीसेक जण भेटले. अकराव्या महिन्यातली गोष्ट. एका प्रयोगशाळेतला अचूक वजनाचा तराजू स्थिरच होईना. आकडा सारखा सरकायचा. मी दोनदा जाऊन आले, एक भाग बदलला, तरी तेच. एका संध्याकाळी दुसऱ्या कंपनीतल्या एक ताई भेटल्या, माझ्या दुप्पट अनुभवाच्या. त्यांना हे रडगाणं सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, आकडा बघत बसू नकोस. वर एसीचं तोंड कुठे आहे ते आधी बघ.” झोत थेट तराजूवर येत होता. पट्ट्या वळवल्या, काम संपलं. आल्फ्रेड मार्शल या अर्थतज्ज्ञांनी १८९० मध्ये म्हटलं होतं की एका धंद्यातले लोक एका जागी आले की त्या धंद्यातली गुपितं जणू हवेतच असतात. माझ्या बाबतीत ते शब्दशः हवेतच निघालं.

हे एका तराजूपुरतं असतं तर मी इतकं लांबण लावलं नसतं. एडवर्ड ग्लेझर आणि डेव्हिड मारे या अर्थतज्ज्ञांनी २००१ मध्ये अमेरिकेतले पगार तपासले, तेव्हा शहरातले लोक बाहेरच्यांपेक्षा ३३ टक्के जास्त कमावत होते. त्या वाढीचा बराच भाग शहरात पाऊल ठेवल्याबरोबर मिळत नाही, वर्षांगणिक साठत जातो, आणि माणूस शहर सोडून गेला तरी त्याच्याबरोबर जातो. स्पेनमधल्या नोंदींवरून होर्गे दे ला रोका आणि दिएगो पुगा यांनी २०१७ मध्ये तेच दाखवलं: मोठ्या शहरातला अनुभव जास्त मोलाचा असतो, आणि शहर सुटल्यावरही त्याचं मोल टिकतं. घर मालकाचं राहतं, फर्निचर निम्म्या किमतीत विकावं लागतं, पण हात शिकलेला असतो तो आपलाच. म्हणूनच पहिल्या सहा महिन्यांत पैसे वसूल झाले का असं विचारणाऱ्यांना मी हसते. झाड लावून दुसऱ्या दिवशी मूळ उपटून बघण्यातला प्रकार तो.

दुसरी नोकरीही अशीच मिळाली. ज्यांनी सांगितलं त्यांना मी आयुष्यात दोनदा भेटले होते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात बॉस्टनजवळच्या एका गावात हेच मोजलं होतं: ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर गाठ पडायची, बाकीच्यांची कधीमधी किंवा क्वचितच. जवळच्या मित्राला तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. शहर अशा अर्धवट ओळखींचा कारखाना आहे.

अर्धवट ओळखींची दुसरी बाजू म्हणजे एकटेपणा, आणि त्याला मी तयार नव्हते. आई फोनवर विचारायची, “शेजारी कोण राहतं गं?” आणि मला नाव सांगता यायचं नाही. चौदाव्या महिन्यात चार दिवस तापाने पडले होते, आणि पाचव्या दिवशी कामावर गेले तेव्हा एकाने विचारलं, सुट्टी कशी गेली? बर्लिनमध्ये राहणाऱ्या गिओर्ग झिमेल या समाजशास्त्रज्ञांनी १९०३ मध्येच लिहिलंय की महानगराच्या गर्दीइतकं एकटं माणसाला कुठेच वाटत नाही. पण त्याच निबंधात ते हेही सांगतात की लहान गावातल्या नजरांपासून सुटका इथेच होते. दोन्ही खरं आहे, आणि एकच आहे. मी तापात पडले हे कुणाला कळलं नाही, तसंच मी रात्री किती वाजता आले, कुणाबरोबर आले, लग्नाचं काय, हेही कुणी विचारलं नाही. ही सुटका मला आवडते. खूप आवडते. तापाचे चार दिवस हे तिचं भाडं होतं. त्यानंतर मी स्वतः उठून समोरचं दार वाजवलं, नाव विचारलं, आणि दोघींनी एकमेकींकडे जादा किल्ली ठेवली. गावात हे आपोआप होतं, इथे करावं लागतं.

आवाजाबद्दल: झोप बिघडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये वाहनांचा रात्रीचा आवाज सरासरी ४५ डेसिबलच्या खाली ठेवायला सांगितलंय, माझ्या खिडकीत फोनवरचं ॲप ५८ दाखवतं. फोन काही प्रयोगशाळेतलं उपकरण नव्हे, हे मला माझ्या धंद्यामुळे कळतं, पण कानही तेच सांगतो. बोळे घालून झोपते.

चांगलं तेवढं ठेवू आणि वाईट काढून टाकू, असं मात्र होत नाही. लुईस बेटेनकूर, जेफ्री वेस्ट हे भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की शहर दुप्पट झालं की दरडोई उत्पन्न आणि नवे शोध साधारण १५ टक्क्यांच्या घरात वाढतात, आणि गुन्हे व साथीचे रोगही बरेचसे त्याच चालीने चढतात. माणसं एकमेकांना जास्त भेटतात, मग विद्याही लागते आणि सर्दीही.

माझ्याकडून चार तारे. घरातच बसून एकट्याने करायचं काम असेल, आणि संध्याकाळीही बाहेर पडायचा कंटाळा असेल, तर दोन. तुम्ही जवळपणाचे पैसे भराल आणि तो वापरणारच नाही. लहान मूल असेल आणि आजी-आजोबा गावात असतील तर मी बोलायलाच नको, त्यांची जागा कुठलीही सोय घेत नाही हे मैत्रिणींकडे बघतेय. आणि माझ्यासारखी काठावर राहायची चूक करणार असाल, तर निदान सोमवारी सकाळी आठला घर बघायला जा.

मागच्या आठवड्यात करार आणखी एका वर्षासाठी वाढवला. भाडं वाढलं, टक्का आता ४३. मालक म्हणाले, रस्त्याकडच्या खिडकीला दुहेरी काच बसवून देतो. बसली की आवाज पुन्हा मोजून कळवते.