‘मग स्मायली का पाठवलीस?’ : अंतर्गत समितीसाठीच्या एका कार्यशाळेचं परीक्षण

पॉशची, म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या कायद्याची, प्रशिक्षणं बाजारात पोत्यानं मिळतात. ४५ मिनिटांचा व्हिडिओ, शेवटी १० प्रश्न, प्रमाणपत्र छापा आणि एचआरच्या फायलीला लावा. ही कार्यशाळा त्यातली नाही. सकाळी १० ते ५, तुकडीत जास्तीत जास्त २० जण, प्रवेश फक्त अंतर्गत समितीच्या, म्हणजे ऑफिसात अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीच्या, सदस्यांना. पैसे वसूल होतात ते मात्र जेवणानंतर.

सकाळचं सत्र ठीक. १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल, २०१३ चा हा पॉश कायदा, समितीत कोण हवं वगैरे. हे घरी वाचूनही कळतं. मुदतींचा तक्ता तेवढा भिंतीवर लावण्यासारखा: शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत तक्रार, सबळ कारण लेखी नोंदवून आणखी ३ महिने, तक्रारीची प्रत ७ कामाच्या दिवसांत ज्याच्यावर आरोप आहे त्याला, त्याचं उत्तर १० कामाच्या दिवसांत, चौकशी ९० दिवसांत, अहवाल पुढच्या १० दिवसांत, त्यावर मालकाची कारवाई ६० दिवसांत. समित्या घसरतात त्या पहिल्याच पायरीवर. तोंडी ऐकून ‘बघू’ म्हणतात आणि तारीख कुठेच लिहीत नाहीत. तक्रारदार बाईला लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचंच काम आहे.

दुपारी नकली चौकशी. हातात कागद येतो: रात्री ११ नंतर टीम लीडचे मेसेज, ‘डीपीत भारी दिसतेस’, तिची एक स्मायली, ३ आठवड्यांनी तक्रार. समितीच्या खुर्चीत बसलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘मग स्मायली का पाठवलीस?’ प्रशिक्षिका तिथेच थांबवते, प्रश्न फळ्यावर लिहून खोडते आणि दुसरा विचारायला लावते: ‘त्या मेसेजनंतर काय काय झालं?’ पहिल्या प्रश्नावर ती स्वतःचा बचाव करत बसते. दुसऱ्यावर हकीकत सांगते, आणि मग कळतं की वार्षिक मूल्यांकन त्याच्याच हातात होतं.

पुढचा सराव सगळ्यात मोलाचा. समितीचे पूर्वग्रह ठरलेले: तक्रारदार रडली तर ‘नाटक करतेय’, शांतपणे बोलली तर ‘पढवून पाठवलीय’. तो चिडला तर ‘साहजिकच आहे, आरोप झालाय बिचाऱ्यावर’. म्हणून प्रत्येक सदस्याच्या वहीत दोन रकाने आखायचे: ‘ती किंवा तो काय म्हणाला’ आणि ‘मला काय वाटलं’. अहवालात जातो फक्त पहिला. ‘तक्रारदार फार भावनिक झाल्या’ असली वाक्यं मग अहवालात शिरतच नाहीत.

आता उणिवा. एका स्लाइडवर चक्क ‘आधी समेटाचा प्रयत्न करा’ असं होतं. हे चूक आहे. कलम १० प्रमाणे समेट चौकशीआधी, तोही तक्रारदारानं मागितला तरच, आणि पैशांच्या बोलीवर कधीच नाही. १५ माणसांच्या ऑफिसात समितीनंच समेट सुचवला, तर ‘नाही’ म्हणायची तिची छाती व्हायची कशी? कलम १४ बरोबर समजावलं: आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तक्रार खोटी ठरत नाही. पण ते साडेचारला, निम्म्या माना फोनमध्ये असताना. हा भाग जेवणाआधी हवा. पुरुष कर्मचाऱ्याला छळाची तक्रार करायची असेल तर हा कायदा त्याला लागू नाही, सेवानियमांत वेगळी सोय करावी लागते. यावर एक अक्षर नाही. सगळ्यांवरच खेकसणारा साहेब आणि ‘बाईमाणसाला हे झेपायचं नाही’ म्हणून एकीलाच रोज चारचौघांत उतरवणारा साहेब, यांतला फरकही दोन वाक्यांत उरकला. समितीपुढे खरा गोंधळ होतो तो इथेच.

पुस्तिका मराठीत मिळते, पण भाषा सरकारी. ‘अस्वागतार्ह वर्तन’ असं छापलंय. कारखान्यात वाटणार असाल तर तिथे पेनानं ‘नकोसं’ लिहा.