राऊटरच्या मागचा यूएसबी पोर्ट: दोन राऊटरच्या घरात कितपत चालतो

कोथरूडला आमचं दोन मजली घर आहे, खाली फायबरवाल्याने बसवलेला राऊटर आणि वर रेंज येत नाही म्हणून तापकीर गल्लीतून आणलेला दुसरा. दोघांनाही मागे यूएसबी पोर्ट, म्हणजे त्यात डिस्क लावली की ती घरातल्या सगळ्यांना नेटवर्कवरून उघडता येते. खाली आईबाबांची फोटो आणि कीर्तनांची हार्डडिस्क लावली, वर आमचे पिक्चर असलेला पेनड्राइव्ह. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही कारण हे फीचर सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखंच आहे, रिव्ह्यू फीचरचाच समजा.

एका राऊटरवर काम झकास. विंडोजमध्ये \\१९२.१६८.१.१ (खालच्या राऊटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता) टाकलं की डिस्क उघडते, फोनवर व्हीएलसीमधून दिसते, टीव्हीला डीएलएनए (नेटवर्कवरचे पिक्चर-फोटो आपोआप शोधायची सोय) असेल तर तिथेही आपोआप येते. खरी गंमत दुसऱ्या राऊटरपासून सुरू होते, आणि हे ना बॉक्सवर लिहिलेलं असतं ना दुकानदार सांगतो. त्याचं आपलं एकच, "लावा की साहेब, चालतंय सगळं."

वरच्या राऊटरच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेटची केबल लावायचं भोक) खालून आलेली केबल लावली की तो स्वतःचं वेगळं नेटवर्क काढतो, म्हणजे खाली १९२.१६८.१ वालं आणि वर १९२.१६८.० वालं. मग वरच्या लॅपटॉपवरून खालची डिस्क आयपी टाकून उघडते, पण नेटवर्कच्या यादीत नावाने दिसत नाही, आणि खालच्या टीव्हीला वरचा पेनड्राइव्ह दिसतच नाही, कारण वरचा राऊटर बाहेरून आलेल्याला दारातच अडवतो आणि त्याच्या लेखी आपले आईबाबा पण बाहेरचेच. डीएलएनए तर दोन नेटवर्कच्या मधून जातच नाही.

उपाय फुकट आहे. वरच्या राऊटरचा आयपी बदलून १९२.१६८.१.२ करा (खालचा राऊटर डीएचसीपीने, म्हणजे आपोआप, जे आयपी वाटतो त्यांच्या बाहेरचा हवा), त्याचा डीएचसीपी बंद करा आणि केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणं जोडायचं भोक) घाला. झालं एक नेटवर्क, टीव्हीला दोन्हीकडचं दिसतं. फक्त दोन डिस्क मिळून एक मोठी डिस्क होईल असं समजू नका, .१ ची वेगळी आणि .२ ची वेगळीच राहते. राऊटरमधल्या अ‍ॅक्सेस पॉइंट मोडनेही (राऊटर फक्त वायफाय देतो, वेगळं नेटवर्क काढत नाही) नेटवर्क एक होतं, पण काही मॉडेल त्या मोडमध्ये यूएसबीचा मेनूच गायब करतात, त्यामुळे घेण्याआधी मॅन्युअल बघा.

स्पीडबद्दल फार अपेक्षा नको. राऊटरचा प्रोसेसर बारका असतो, आणि लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचे असले तर सेकंदाला १२ एमबीच्या वर काही जात नाही, पिक्चर बघायला ते भरपूर, पण लग्नाचं अख्खं व्हिडिओ शूटिंग कॉपी करायला बसलात तर चहा करा, प्या, परत करा. यूएसबी ३.० पोर्ट असेल तर अजून एक भानगड, त्याच्या रेडिओ लहरींचा २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला अडथळा होतो, म्हणून डिस्क अँटेनापासून जरा लांब ठेवा. पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसणार नाही.

विंडोजवाल्यांनो, बऱ्याच जुन्या राऊटरमध्ये एसएमबी १ (नेटवर्कवरून फाइल शेअर करायची जुनी पद्धत) हेच असतं आणि ते विंडोज १० मध्ये २०१७ पासून नव्या इन्स्टॉलला येत नाही. परत चालू करता येतं पण करू नका, फाइल लॉक करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस त्याच भोकातून पसरला होता. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत तर पासवर्डशिवायचं गेस्ट शेअरिंगही बंद आहे, राऊटरमध्ये युजरनेम-पासवर्ड लावायची सोय हवीच.

आणि लाइट. गुरुवारी लाइट गेली आणि तेव्हाच डिस्कवर काही लिहिणं चालू असलं तर फाइल बिघडू शकतात. राऊटरला मिनी यूपीएस लावणार असाल तर डिस्कही राऊटरकडूनच करंट ओढते हे धरून घ्या. यूएसबी २.० पोर्ट नियमाने ५०० मिलीअँपिअरच देतो, पोर्टेबल हार्डडिस्कला कधीकधी तेवढा पुरत नाही, मग वेगळ्या अ‍ॅडाप्टरचा हब लागतो आणि त्यालाही यूपीएस आलाच.

माझ्याकडून ५ पैकी ३. राऊटर घ्यायचाच आहे आणि पोर्ट सोबत येतोय तर मजेत वापरा, पण फोटोंची एकुलती एक कॉपी यावर ठेवू नका, आणि पोर्टसाठी म्हणून हजार-दोन हजार जास्त मोजायचे असतील तर त्यापेक्षा तेवढ्यात गिगाबिट पोर्टवाला साधा राऊटर बघा.