आजोबांचे रुमाल स्कॅन करून घेतले
आजोबांनी कुलवृत्तान्तासाठी जमवलेले कागद लाल रुमालांत बांधलेले. त्यांच्यामागे ते आत्याच्या माळ्यावर गेले, आता माझ्याकडे आलेत. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात ते स्कॅन केले, पानाला ६ रुपये. मोडीतली वंशावळ झकास आली, शाई उडालेली असूनही. पण तिथल्या पोरानं स्कॅनमध्ये पोस्टकार्डांच्या कडाच कापल्या! आजोबांची खरी माहिती तिथंच, पेन्सिलीत: ‘हा दत्तक गेला’, ‘हिचं माहेर वाई’. हुज्जत घालून ४३ कार्डं पुन्हा करून घेतली, फुकट. गंजक्या टाचण्या मात्र त्यानं न सांगता काढल्या, शाब्बास. मोडी वाचून देत नाहीत. त्यासाठी जाणकार वेगळा गाठा.