नाउन शिकवणारा कार्डसंच: पहिली सहामाही वापरून झाल्यावर

इंग्रजीतले नाउन, म्हणजे नामांचे प्रकार, शिकवणारी ही कार्डं आणि सोबतचं अ‍ॅप बहुतेक पालकांनी पाहिलं असेल, म्हणून संचात काय काय येतं ते सांगत बसत नाही. लेक सहावीत, सेमी इंग्रजीला. जूनमध्ये ठाण्यात नौपाड्यातल्या दुकानातून संच ६५० रुपयांना घेतला. आज लिहायला बसले ते कस्टमर केअरच्या उत्तरामुळे.

अ‍ॅप वाक्य दाखवतं आणि नाउनचा प्रकार विचारतं. पण उत्तर वाक्यावरून ठरत नाही, कार्डावरून ठरतं. 'ग्लास' म्हणजे मटेरियल नाउन (पदार्थवाचक नाम), विषय संपला. वाक्य होतं 'शी ब्रोक अ ग्लास'. लेकीने कॉमन (सामान्यनाम) निवडलं आणि लाल फुली आली. अहो, शब्दाच्या आधी 'अ' आहे, 'टू ग्लासेस' म्हणता येतं, म्हणजे हा पाणी प्यायचा ग्लास! 'द बॉटल इज मेड ऑफ ग्लास' असतं तर काच, तिथे मटेरियल बरोबर. 'आयर्न'चं तेच. लोखंड असेल तर मटेरियल, पण 'अ‍ॅन आयर्न' म्हणजे इस्त्री. 'पेपर'चं तेच. कागद मटेरियल, पण सकाळी दारात पडतो तो पेपर मोजता येतो. नाउनचा प्रकार शब्दाच्या कपाळावर लिहिलेला नसतो, वाक्यात तो शब्द काय काम करतो त्यावर ठरतो. नाउन शिकवणाऱ्या वस्तूने एवढं तरी शिकवायलाच हवं.

स्क्रीनशॉट पाठवले, दोनदा फोन केला. उत्तर आलं, "मॅडम, आन्सर की तज्ज्ञांनी तपासली आहे, बदल होणार नाही." पैसे परत मिळण्याची मुदतही संपली म्हणे. पैशांपेक्षा मला याचा राग आला की लेक वाक्य न वाचताच उत्तर द्यायला लागली. कार्ड आठवायचं आणि बटण दाबायचं, मार्क पूर्ण.

दुसरी उणीव लहान आहे, पण मराठी घरात जाणवते. मराठी व्याकरणात ती सामान्यनाम, विशेषनाम, भाववाचक नाम असे तीन प्रकार शिकते. समूहवाचक आणि पदार्थवाचक नामं तिथे सामान्यनामातच येतात. इंग्रजीच्या तासाला तेच कलेक्टिव्ह आणि मटेरियल म्हणून वेगळे होतात आणि प्रकार पाच होतात. "आई, सोनं सामान्यनाम की मटेरियल?" असं तिने विचारलं. दोन्ही बरोबर, ज्या विषयाचा पेपर त्याप्रमाणे. महाराष्ट्रात विकायच्या संचात एवढी एक ओळ छापायला काय हरकत होती?

आता कार्डांबद्दल, कारण त्यांच्याविषयी माझं मत बदलत गेलं. प्रॉपर नाउनच्या, म्हणजे विशेषनामांच्या, कार्डांवर पहिलं अक्षर लाल आहे. सुरुवातीला वाटलं, नुसती सजावट, उगाच किंमत वाढवली. पण देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे आपल्या मुलांच्या डोळ्यांना ती सवयच नसते. गणपतीच्या सुट्टीनंतर तिच्या निबंधात 'संडे', 'ऑगस्ट', 'ठाणे' सगळीकडे कॅपिटल नीट होतं आणि 'विंटर'ला लावलेलं नव्हतं. हे त्या लाल अक्षराचंच काम.

अनकाउंटेबलची, म्हणजे मोजता न येणाऱ्या नामांची, कार्डं तर सगळ्यात उत्तम. आपण 'दोन सल्ले' देतो, 'बातम्या आहेत' म्हणतो, म्हणून मुलं 'टू अ‍ॅडव्हायसेस' आणि 'न्यूज आर' लिहितात. कार्डाच्या मागे 'अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस' आणि 'द न्यूज इज' ठळक छापलंय. 'फर्निचर', 'लगेज', 'इन्फर्मेशन' यांना शेवटी एस लावायचा नाही हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. कलेक्टिव्हची कार्डं ठीक, शाळेपुरती.

अ‍ॅप बंद केल्यापासून आम्ही कार्डं घेऊन तलावपाळीवर, मासुंदा तलावाच्या काठी, जातो. एक कार्ड काढायचं आणि समोर दिसतं त्यावर वाक्य करायचं. मासुंदा प्रॉपर, बोट कॉमन, कट्ट्यावरची गर्दी कलेक्टिव्ह, पाणी मटेरियल, बोटीत बसायची भीती अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे भाववाचक. मग त्याच शब्दाचं दुसरं वाक्य, प्रकार बदलतो का बघायला. प्रत्येक वेळी बदलत नाही, पण आता ती आधी वाक्य वाचते.

कार्डांना पाचपैकी चार, अ‍ॅपला एक. वर्गणी मार्चमध्ये संपतेय, पुन्हा भरणार नाही. तुम्ही घेणार असाल तर दुकानदाराला अ‍ॅपच्या कोडशिवायचा संच मागा. आमच्याकडे तो ४०० ला मिळतो, फक्त काउंटरवर मांडलेला नसतो.