बागकामाची अवजारं: दहा महिन्यांनी हाताशी काय उरलं

गेल्या जूनमध्ये सांगलीत तळमजल्याच्या घरात राहायला आलो आणि मागच्या दारी बारा बाय पंधरा फुटांचा परस मिळाला. त्याआधीची माझी शेती म्हणजे बाल्कनीतल्या चार कुंड्या आणि एक कायम रुसलेला मोगरा. त्यामुळे मातीला हात लावायच्या आधीच हौसेनं ऑनलाइन पाच अवजारांचा संच मागवला. 449 रुपये. मोठा ट्रॉवेल (माती उकरायचं चमच्यासारखं अवजार), छोटा ट्रॉवेल, तीन दातांचा पंजा, काटा आणि कुदळीच्या नातवासारखं काहीतरी. हिरव्या मुठी, वर पिशवी फुकट. पहिला महिना मी खूश होते, कारण पहिला महिना मी कुंड्याच भरत होते.

कुंड्यांसाठी हा संच आजही वापरते, हे आधीच सांगते. कोकोपीट आणि शेणखताच्या भुसभुशीत मिश्रणात अवजाराचा कस लागतच नाही. ज्यांची बाग फक्त कुंड्यांची आहे त्यांनी याहून जास्त खर्च करू नये.

परसातली काळी माती मात्र वेगळंच प्रकरण. पावसात पायाला, चपलेला, अवजाराला चिकटते, आणि चार दिवस ऊन पडलं की विटेसारखी होते. ऑगस्टमध्ये वाफ्यात लव्हाळा माजला. वरून उपटला की पात हातात येते आणि गाठ खालीच राहते, आठवड्यात पुन्हा हिरवा कोंब वर. गाठीच्या खाली पातं घालून उचकटावं लागतं. मी ट्रॉवेल रोवला, मूठ खाली दाबली, आणि ट्रॉवेल मानेत वाकला. सरळ केला, पुन्हा वाकला. तिसऱ्यांदा मूठ माझ्या हातात आणि पातं जमिनीत. नीट पाहिलं तर पातळ पत्र्याची नळी वळवून ती प्लास्टिकच्या मुठीत जेमतेम दोन बोटं खुपसलेली होती. पात्याची जाडी आणि चकाकी बघून मी घेतलं होतं. बघायला हवी होती ती मान.

शेजारच्या आक्का कुंपणापलीकडून हे बघत होत्या. "आगं, चमच्यानं कुटं लव्हाळा निघतोय व्हय?" म्हणाल्या आणि आपलं खुरपं दिलं. दोन महिने मी त्या उसन्या खुरप्यावर काढले.

दसऱ्यानंतर रस्त्याकडेला घिसाड्यांचं, म्हणजे फिरत्या लोहारांचं, पाल पडलं, तिथं स्वतःचं करून घेतलं. 150 रुपये. ट्रकच्या जुन्या पाट्याचा तुकडा तापवून लाल केला. नवरा सांडशीत धरून बसला होता आणि बायको उभ्यानं घण घालत होती. शेवटी पाण्यात बुडवून चर्रर्र. पातं आणि शेपटी एकाच तुकड्याची. शेपटी तापवून बाभळीच्या मुठीत आरपार घातली आणि मागून निघालेलं टोक वाकवून ठोकलं. म्हणजे निसटायला सांधाच नाही. मूठ माझ्या पंजाला मोठी होती, तीही तिथंच तासून दिली. ऑनलाइनवाल्यांनी हे करून दाखवावं!

तेव्हापासून परसातलं बहुतेक काम एकट्या खुरप्यावर चालतं: तण, रोपांभोवती आळी, लसूण लावायला रेघ, मेथीचा वाफा सारखा करणं. फक्त वाफसा यायच्या, म्हणजे माती चिकटायची थांबायच्या, आधी हात घालू नका. ओल्या काळ्या मातीत खुरपलं तर पात्यावर किलोभर चिखल चढतो आणि वाफ्यात ढेकळं होतात. हे आक्कांनी तीनदा सांगितलं, मी चौथ्यांदा ऐकलं. उन्हाळ्यात मूठ आक्रसून ढिली होते. रात्रभर पाण्यात ठेवली की लाकूड फुगून घट्ट बसते.

कात्रीच्या बाबतीतही मी दोनदा पैसे घातले. पहिली 280ची, एकच पातं आणि ते खालच्या सपाट पट्टीवर येऊन बसणारं. वाळक्या काटक्यांना ठीक, पण जास्वंदीची हिरवी फांदी तिनं कापली नाही, चेचली. चेचलेलं टोक काळं पडत खालपर्यंत वाळत गेलं. दुसरी 620ची, दोन पाती एकमेकांना घासून जाणारी. काप स्वच्छ येतो. बोटाएवढ्या फांदीपर्यंत तिला त्रास नाही, त्यापुढे करवतच. तिची तक्रार एकच, स्प्रिंग. एकदा उडून गवतात गेली ती अर्ध्या तासानं सापडली. घेताना स्प्रिंग दोन्ही बाजूंनी खोबणीत अडकलीय का, ते उघडझाप करून बघा. माझी मुलगी डावखुरी आहे, तिच्या अंगठ्याला कात्री बंद ठेवायचा खटका येतच नाही. डावखुऱ्यांनी दुकानात हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नये. पिठ्या ढेकूण पडलेली जास्वंद छाटून तीच कात्री तशीच दुसऱ्या झाडाला लावू नका, मध्ये स्पिरिटचा बोळा फिरवा.

झारी मी दहा लिटरची घेतली, कारण फेऱ्या वाचतील. दहा लिटर म्हणजे दहा किलो, हे उजव्या खांद्यानं आठवड्यात समजावलं. शिवाय तिची जाळी नुसती दाबून बसवलेली. नोव्हेंबरात नुकत्याच पेरलेल्या मेथीवर ती भरल्या झारीवरून निसटली आणि बी वाहत वाफ्याच्या कोपऱ्यात जमा झालं. यंदा मेथी तिथंच उगवली, दाट, गालिच्यासारखी. आता पाच लिटरची आहे, आट्याची जाळी असलेली.

बाकीचं थोडक्यात. खोरं घेतलं आणि दहा महिन्यांत दोनदा वापरलं, लहान जागेला शेजाऱ्याचं मागून आणलेलं पुरतं. रबरी हातमोजे लिंबाच्या काट्यांपुरते, एरवी घाम. दोन लिटरचा फवारा पंप चांगला आहे, पण निंबोळी तेल मारल्यावर साबणाच्या पाण्यानं धुतला नाही तर तोटी तुंबते. घमेलं घ्याच. खत, कचरा, काढलेली भाजी, सगळं त्यातच.

निगा म्हणाल तर माती पुसणं, पावसाळ्यात पात्यांना खोबरेल, आणि रात्री बाहेर न विसरणं. एकदा विसरले, सकाळी कात्रीवर तांबडी साय.

घिसाडी दिवाळीनंतर पुढच्या गावाला गेले. खुरप्याची धार आता बोथट झालीय. सध्या कानशीवर भागवते, पण आक्का म्हणतात, ती धार चार दिवसांची.