डार्कफील्ड की बाजूने लेझर? सोन्या-चांदीचे नॅनोकण पाहताना

सूक्ष्मदर्शकाखाली हे कण दोन पद्धतींनी दिसतात: डार्कफील्ड, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर कण चमकताना पाहणं, किंवा बाजूने लेझर टाकणं. वर्धा-यवतमाळकडच्या तालुक्याच्या कॉलेजात दोन्ही जमतं. फक्त कणांबद्दल काय जाणून घ्यायचं ते आधी ठरवा.

रंग हवा असेल तर डार्कफील्डच. १०-१५ मायक्रोलिटर थेंब, कव्हर स्लिप, आणि ऑइल कंडेन्सर (स्लाइडखालून प्रकाश टाकणारं भिंग) व स्लाइड यांच्यामध्येही तेल. ते विसरलं की दृश्य काळंच राहतं. १००एक्स ऑब्जेक्टिव्हची (नमुन्याकडच्या भिंगाची) आतली झडप थोडी बंद करा, नाहीतर थेट प्रकाश घुसून पार्श्वभूमी राखाडी होते. ६० नॅनोमीटरचं सोनं हिरवट ठिपक्यांसारखं चमकतं. व्यास निम्मा झाला की विखुरलेला प्रकाश ६४ पट घटतो, म्हणून ३० नॅनोमीटरवर डोळे थकतात. जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतूही झगमगतात. स्लाइड झाकूनच ठेवा.

आकार मोजायचा तर बाजूने ५३२ नॅनोमीटरचा लेझर. बाजूने प्रकाश टाकणं ही झिग्मोंडी आणि झीडेंटॉप्फ या शास्त्रज्ञांची जुनी, १९०३ची युक्ती. कण नाचताना दिसतात. त्या हालचालीवरून व्यास काढता येतो. आयपीसला डोळा कधीच लावू नका, कॅमेराच वापरा.

इथे मे महिना घात करतो. कण किती वेगाने नाचतात ते पाण्याच्या स्निग्धतेवर (दाटपणावर) ठरतं आणि ती तापमानाने बदलते: २५ अंशांना ०.८९ मिलिपास्कल-सेकंद, ४० अंशांना ०.६५. खोलीत ४० अंश असताना गणितात २५ चे आकडे घातले, तर कण सुमारे ३० टक्के लहान निघतो. थर्मामीटर नमुन्यालगतच हवा.

दोन्हीकडे नमुना पातळ करायला डिस्टिल्ड पाणीच. बोअरच्या क्षारांनी सोन्याचे कण एकमेकांना चिकटतात, लाल द्रावण जांभळट होतं.

एकच घ्यायचं असेल तर आधी डार्कफील्ड कंडेन्सर घ्या.