फुकट मालिका: वेव्हज ॲप की फ्री डिश?

दोन्ही प्रसार भारतीचेच, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सार्वजनिक संस्थेचे. फ्री डिश ही छतावरच्या छत्रीतून (डिश अँटेनातून) वाहिन्या दाखवणारी सेवा २००४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. वेव्हज हे ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात, इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या वेळी आलं.

फ्री डिशला छत्री आणि सेट-टॉप बॉक्स यांचा खर्च एकदाच. नंतर महिन्याचा रिचार्ज नाही, इंटरनेट नाही. माझी आई गावी सह्याद्री वाहिनी अशीच बघते आणि रेंज गेली तरी तिचं काही अडत नाही. जोराच्या पावसात मात्र चित्र तुटतं. शिवाय मालिका लागेल तेव्हाच बघायची. चुकली की चुकली.

वेव्हजवर ही अडचण बरीच कमी होते. चालू वाहिन्या आहेतच, पण दूरदर्शनच्या जुन्या मालिकाही हव्या तेव्हा लावता येतात, मध्येच थांबवता येतात. लहानपणी अर्धवट राहिलेलं पुन्हा बघायला मिळणं मला फार मोलाचं वाटतं. पण ‘फुकट’ हा शब्द इथे जपून वापरावा. काही गोष्टींना वर्गणी आहे, आणि डेटा तर आपल्याच खिशातून जातो. साध्या दर्जाच्या चित्रालाही तासाला साधारण अर्धा ते एक जीबी लागतो. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर दीड ते तीन तासांत तो संपतो.

घरात वायफाय असेल तर वेव्हज घ्या. आईवडील गावी एकटे राहत असतील, तर त्यांच्यासाठी छत्रीच बसवा. रिमोटचं एक बटण त्यांना पुरतं.